रिगवरची टोळी
(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, बोअरची गाडी शेतात शिरली की आपण हातातलं काम टाकून धुऱ्यावर जाऊन उभे राहतो. एका ट्रकवर मस्तूल, दुसऱ्यावर कॉम्प्रेसर, पाच-सहा परप्रांतातली पोरं, कानठळ्या बसवणारा आवाज आणि राखाडी भुकटीचा लोट. ती पोरं एकमेकांशी बोलत नाहीत, कारण बोललेलं ऐकूच येत नाही. हाताने खुणा करतात. एकाने रॉड धरला की दुसऱ्याचा पाना तिथे पोचलेला असतो. तेलाच्या रिगवरचं, म्हणजे तेलविहीर खोदणाऱ्या यंत्रावरचं, काम असंच असतं. फक्त खोली दहा-पंधरा पट करा, हवेच्या जागी चिखल आणा, आणि खाली पाण्याऐवजी असं काही आहे जे आपणहून वर यायला टपलेलं आहे, एवढं ध्यानात ठेवा.

जाता जाता एक गंमत सांगतो. आपल्याकडे मुरूम संपला की जो काळा पाषाण लागतो, तोच दख्खनचा बसाल्ट गुजरातेत खंबातच्या खोऱ्यात तेलाच्या थरांखाली पसरलेला आहे. अंकलेश्वरला १९६० साली तेल सापडलं ते याच खोऱ्यात. तिथे ड्रिलिंगवाल्यांना पाषाण लागला की तळ आला असं ते साधारणपणे धरतात. आपली जिथे सुरुवात, तिथे त्यांचा शेवट.

आता काम काय असतं ते पाहू. पाइप एक, लांबी साधारण साडेनऊ मीटर, वजन तीनशे किलोच्या आसपास. असे तीन जोडले की स्टँड होतो, म्हणजे २८ मीटर. विहीर ३,००० मीटर खोल असेल तर आत सुमारे १०७ स्टँड लटकतात आणि त्यांचं हवेतलं वजन ९० टनांच्या पुढे जातं. खाली टोकाला दगड फोडणारा बिट असतो. तो बोथट झाला की सगळे स्टँड वर काढायचे, बिट बदलायचा, सगळे पुन्हा आत सोडायचे. याला ट्रिप म्हणतात. १०७ जोड सोडायचे आणि १०७ जोड आवळायचे. चांगली टोळी तासाला पंधरा-वीस स्टँड काढते. एका बाजूलाच सहा-सात तास गेले.

या टोळीत पाइप वर-खाली करणाऱ्या यंत्राच्या ब्रेकवर ड्रिलर, मस्तुलात पंचवीस मीटर उंचीवर फळीवर उभा राहणारा टॉपमन, आणि खाली फ्लोअरवर तीन रिगमन असतात. पाइप वर आला की तिघे मिळून स्लिप्स उचलून पाइपभोवती बसवतात. स्लिप्स म्हणजे दातेरी पाचरी. त्या पाइपला चावतात आणि सगळं वजन पेलतात. इथे पहिली चूक होते ती घाईची. पाइप पूर्ण थांबायच्या आत स्लिप्स टाकल्या तर हिसका बसतो, स्लिप्सच्या मुठी उसळतात, मनगट जातं. मुठीला हात खालून घालायचा, तळवा वर. वरून पकडला तर बोटं फ्लोअर आणि मूठ यांच्यात सापडतात. उचलताना तिघांनी एकदम उचलायचं, कंबर न वाकवता गुडघ्यातून. पोतं उचलताना एकजण अंग चोरतो तेव्हा बाकीच्यांच्या पाठीचं काय होतं ते इथे कोणाला सांगायला नको. स्लिप्सचं तसंच.

मग दोन टाँग. एक जोडाच्या खाली धरून ठेवतो, दुसरा वरून ओढून जोड सोडतो. टाँग म्हणजे तारेने टांगलेला शेकडो किलोचा पाना. तार तुटली किंवा जबडा निसटला तर तो भिंगरीसारखा फिरतो. म्हणून टाँग फिरू शकेल त्या कोनात कोणी उभं राहायचं नाही, तो बंद असला तरीही. पूर्वी जोड फिरवायला साखळी पाइपभोवती फेकत. जुन्या रिगवाल्यांच्या तुटक्या बोटांची निम्मी कहाणी त्या साखळीत आहे. आता बऱ्याच रिगांवर हे काम यंत्र करतं.

वरचा टॉपमन पट्टा बांधून पुढे झुकतो, पाइपचं डोकं दोरीने ओढून खाचेत लावतो. पावसात, लूमध्ये, रात्री दोन वाजताही. त्याच्या हातातून पाना निसटला तर पंचवीस मीटर खाली येईस्तोवर त्याचा वेग ताशी ८० किलोमीटर झालेला असतो. हेल्मेटचा त्यापुढे काय पाड लागणार? म्हणून वर नेलेली प्रत्येक वस्तू दोरीने मनगटाला किंवा पट्ट्याला बांधलेली हवी, आणि वर जाताना मोजलेल्या वस्तू खाली आल्यावर पुन्हा मोजायच्या. टॉपमन खालच्यांना दिसत नाही, पण सगळ्यांचं डोकं त्याच्या हातात असतं.

आता चिखलाकडे येऊ. बेंटोनाइटची माती, पाणी, वजनासाठी बॅराइटची भुकटी. हा चिखल पाइपमधून खाली जातो, बिटमधून निघतो, दगडाचा चुरा घेऊन बाहेरच्या बाजूने वर येतो. त्याहून मोठं काम म्हणजे तो आपल्या वजनाने खालच्या वायूला दाबून ठेवतो. दहा मीटर पाण्याचा दाब साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर. चिखल पाण्याच्या १.२ पट जड असेल तर ३,००० मीटरवर दाब ३६० किलो. खालचा दाब याहून जास्त निघाला की चिखल जड करावा लागतो. १०० घनमीटर चिखल १.२० वरून १.३० वर न्यायला साडेचौदा टन बॅराइट लागतं. लहान रिगवर ते ५० किलोच्या बॅगांत येतं, म्हणजे २९० बॅगा. डीएपीची बॅग तेवढ्याच वजनाची असते, तेव्हा अंदाज करा. बॅग फाडायची, नरसाळ्यासारख्या हॉपरमध्ये ओतायची, नाकावर मास्क, डोळ्यांवर चष्मा, आणि पंप चालू आहे तोवर थांबायचं नाही. या वेळी टोळीतला कोणी ‘हे माझं काम नाही’ म्हणत नाही. इलेक्ट्रिशियनसुद्धा बॅगा वाहतो. कॉस्टिक सोडा टाकताना मात्र हौशी हात नकोत. सोडा पाण्यात हळूहळू टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही. उकळून अंगावर येतं.

खरी एकजूट कळते ती ट्रिप चालू असताना. पाइप बाहेर काढला की त्याची जागा रिकामी होते, ती चिखलाने भरायची. एका स्टँडचं पोलाद साधारण ११० लिटर जागा घेतं. पाच स्टँड काढले की ५५० लिटर चिखल आत गेला पाहिजे. चिखलाच्या टाकीवरचा माणूस हे कागदावर लिहीत बसतो. ३०० लिटरच गेला असेल तर उरलेल्या २५० लिटरच्या जागेत खालून काहीतरी शिरलेलं आहे. हापशीचा वॉशर वर ओढला की पाणी चढतं ना, तसंच पाइप घाईने ओढला की बिट खालचा वायू ओढून घेतो. खाली मूठभर असलेला वायू वर येताना फुगत जातो, आणि शेवटच्या काही शे मीटरमध्ये तो आवरत नाही.

म्हणजे पाहा, फ्लोअरवरच्या पाचजणांचा जीव टाकीजवळ एकट्या बसलेल्या, कुणाच्याही नजरेत नसलेल्या माणसाच्या पेन्सिलीवर असतो. त्याला झोप लागली, किंवा ‘जवळपास बरोबर आहे’ म्हणून त्याने आकडा भरून टाकला, की संपलं. आणि आकडा चुकतोय असं त्याने ओरडून सांगितल्यावर ड्रिलरने ‘दोन स्टँड काढून बघू’ म्हटलं, तरी संपलं.

ट्रिपमध्ये विहीर वाहू लागली तर क्रम ठरलेला आहे. पाइपचा जोड फ्लोअरच्या वर, हाताला येईल इतक्या उंचीवर ठेवून स्लिप्स बसवायच्या. सेफ्टी व्हॉल्व्ह उघड्या स्थितीत पाइपवर चढवायचा, आवळायचा, मग बंद करायचा. नंतर बीओपी, म्हणजे विहिरीच्या तोंडावरची झडप, बंद करायची. दोन्ही गेजचे दाब आणि टाकीत वाढलेला चिखल लिहायचा. ऐकायला सोपं आहे. व्यवहारात चुकतं ते असं: व्हॉल्व्ह कोणीतरी बंद करून ठेवलेला असतो, आणि वाहत्या पाइपवर बंद व्हॉल्व्ह बसत नाही. किंवा त्याची चावी जागेवर नसते, कोणीतरी ती हातोडा म्हणून वापरून दुसरीकडे टाकलेली असते. किंवा पाइप बदलला पण व्हॉल्व्हचे आटे जुन्याच पाइपचे. म्हणून दर पाळीला व्हॉल्व्ह उघडा आहे का, चावी खुंटीला आहे का, हे हात लावून पाहायचं, आणि घड्याळ लावून सराव करायचा. विहीर हातातून सुटली तर काय होतं ते आसामात बाघजानला दिसलं. २७ मे २०२० ला विहीर फुटली, ९ जूनला पेटली, दोन अग्निशामक गेले, आणि ती शांत झाली १५ नोव्हेंबरला.

पाळी बारा तासांची. समुद्रातल्या रिगवर चौदा दिवस काम आणि चौदा दिवस घरी, अशी पद्धत आहे. बाराव्या तासाला माणसाला फक्त अंथरूण दिसतं, आणि नेमकं तेव्हाच सगळ्यात महत्त्वाचं बोलायचं असतं. पाळी हातात देताना ड्रिलरने ड्रिलरला, टॉपमनने टॉपमनला समोरासमोर सांगायचं: खोली किती, चिखलाचं वजन किती, टाकीची पातळी किती, कोणता व्हॉल्व्ह बंद, काय उघडून ठेवलंय. स्कॉटलंडजवळ उत्तर समुद्रात पायपर अल्फा नावाचा प्लॅटफॉर्म होता. ६ जुलै १९८८ ला दिवसपाळीने एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला, भोकावर नुसती चकती लावली. काम अपुरं राहिलं. कागद ठेवला गेला, तोंडी सांगणं झालं नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला. रातपाळीला पंपाच्या दुरुस्तीचा कागद मिळाला, व्हॉल्व्हचा नाही. त्यांनी तो व्हॉल्व्ह काढलेला पहिलाच पंप चालू केला आणि स्फोट झाला. १६७ माणसं गेली. त्यात कोणी आळशी नव्हतं, कोणाचं कोणाशी वैर नव्हतं.

दोस्तीबद्दल आपण फार गोड बोलतो, म्हणून कडू बाजूही सांगतो. रिगच्या गेटवर पाटी असते: ‘अपघाताविना इतके दिवस’. त्या दिवसांवर कुठे कुठे बक्षीस असतं. मग एखाद्याचं बोट चेंगरतं आणि टोळीच म्हणते, ‘भाऊ, खोलीत पडून राहा, तुझी पाळी आम्ही ओढतो.’ प्रेमाने म्हणते. पण त्या बोटाची नोंद होत नाही, झिजलेली स्लिप बदलली जात नाही, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्याचा हात जातो. तसंच कंत्राटी आणि कायम यांच्यातलं अंतर. काम थांबवण्याचा हक्क सगळ्यांना आहे असं कागदावर लिहिलेलं असतं. क्रेनला उचल-सोडची खूण एकानेच द्यायची, पण ‘थांब’ची खूण कोणीही द्यावी आणि ऑपरेटरने ती पाळावी, असा नियमच आहे. प्रत्यक्षात कंत्राटी पोराने थांबवलं तर शिव्या मिळतात. ज्या टोळीत नव्या पोराने थांबवल्यावर ड्रिलर आधी थांबतो आणि मग विचारतो, ती टोळी चांगली. माझ्या मते हीच एक कसोटी पुरे.

वायूचं सांगतो, कारण ते इथेही कामाचं आहे. हायड्रोजन सल्फाइड थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. १०० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या, आसपास नाकच बधिर होतं, वास गेला म्हणून वायू गेला असं वाटतं. तो हवेपेक्षा जड आहे, खोलगट जागी साचतो. भोंगा झाला की वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी पाहायची, वाऱ्याला आडवं होऊन मग वाऱ्याच्या वरच्या बाजूला, उंचावर जायचं. सोबती पडला तर आधी स्वतः श्वसनाचा संच लावायचा, मग त्याच्याकडे. आपल्याकडे जुन्या विहिरीत, सेप्टिक टँकमध्ये एक उतरतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, भावाला काढायला बाप. तीन तिरड्या एका घरून निघतात. त्या संचाचा मुखवटा दाढीवर नीट बसत नाही, म्हणून रिगवर दाढी चालत नाही. आणि गालात खर्रा असला तर मुखवट्यात काय होईल ते तुम्हीच ठरवा. माचीस, लायटर, मोबाइल तर गेटवरच ठेवावे लागतात.

जाऊ इच्छिणाऱ्या पोरांसाठी थोडक्यात. तेलविहीर कायद्याने खाण आहे, २०२५ पर्यंत १९५२ चा खाण कायदा तिलाही लागू होता. वणी-चंद्रपूरच्या कोळसा खाणीत जशी व्हीटी, म्हणजे कामाआधीचं प्रशिक्षण, आणि सुरुवातीची वैद्यकीय तपासणी लागते, तशी इथेही. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, डिझेल मेकॅनिक या आयटीआय ट्रेडना वाव आहे. आखातात जायचं असेल तर एजंटचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. सेवाशुल्क तीस हजार अधिक जीएसटी, त्याहून जास्त घेता येत नाही. लाख-दोन लाख मागणाऱ्याला हात जोडा आणि घरी या.

शेवटी एका मुलाने चिठ्ठी पाठवली आहे: पहिल्या दिवशी काय करायचं? नव्या माणसाला बऱ्याच ठिकाणी वेगळ्या रंगाचं हेल्मेट देतात, त्याची लाज बाळगू नको. आपला मुखवटा कुठे टांगलाय, जमायची जागा कुठे, वाऱ्याची पिशवी कुठून दिसते, हे आधी पाहून घे. अंगठी, कडं, गळ्यातला दोरा काढून ठेव. जुना रिगमन ‘इथे उभा राहू नको’ म्हणाला की तिथून हल. का, ते जेवताना विचार. तेव्हा तो तासभर सांगेल.