सोन्याची पावती : अमेरिकेच्या पिवळ्या शिक्क्याच्या नोटा

[दृश्य : 1922 ची 20 डॉलरची नोट. आधी मागची बाजू, मग पुढची.]

मागची बाजू झेंडूसारखी नारिंगी. पुढे पिवळा शिक्का, आणि मजकुराचा अर्थ असा : वीस डॉलरची सोन्याची नाणी अमेरिकेच्या तिजोरीत जमा आहेत, धारकानं मागताच ती दिली जातील. सराफाकडे सोनं ठेवून पावती घ्यावी, तसा हा कागद. इंग्रजी नाव ‘गोल्ड सर्टिफिकेट’.

यादवी युद्धाच्या काळात अमेरिकेत कागदी डॉलरच्या बदल्यात सोनं मिळेनासं झालं होतं, पण आयातीची जकात मात्र सोन्यातच भरावी लागे. दहा हजार डॉलरची वीस-डॉलरी नाणी म्हणजे पावणेसतरा किलो ओझं. ते रोज या पेढीतून त्या पेढीत कोण वाहणार? मार्च 1863 च्या कायद्यानं पावत्यांची सोय केली, नोव्हेंबर 1865 मध्ये त्या प्रत्यक्ष निघाल्या. सुरुवातीच्या पावत्या मुख्यतः बँकांमध्येच फिरल्या. सामान्यांच्या खिशात त्या पोचल्या 1882 च्या मालिकेपासून.

[दृश्य : मोठी आणि लहान नोट शेजारी शेजारी.]

1928 च्या मालिकेत आकार घटला : 187 बाय 79 मिलिमीटरवरून 156 बाय 66. नारिंगी पाठही गेली, इतर नोटांसारखी हिरवी आली. पिवळा शिक्का आणि पिवळे क्रमांक तेवढे उरले.

5 एप्रिल 1933. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा आदेश क्रमांक 6102 : सोन्याची नाणी, लगड आणि या पावत्या 1 मेपर्यंत बँकेत जमा करा. माणशी शंभर डॉलरपर्यंतची नाणी आणि पावत्या ठेवायला मुभा होती. आदेश मोडला तर दहा हजार डॉलरपर्यंत दंड किंवा दहा वर्षांपर्यंत कैद. तेव्हा सोनं औंसाला 20.67 डॉलर होतं. जानेवारी 1934 मध्ये सरकारनं तोच भाव 35 केला.

नॉर्ट्झ नावाच्या धारकाकडे 1,06,300 डॉलरच्या पावत्या होत्या. त्यानं सोनं मागितलं, हातात पडले साधे डॉलर. बाजारभावातल्या फरकाचे 64,334 डॉलर 7 सेंट मिळावेत म्हणून तो न्यायालयात गेला. 18 फेब्रुवारी 1935 रोजी सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी दावा फेटाळला.

24 एप्रिल 1964 पासून या पावत्या बाळगणं पुन्हा कायदेशीर झालं. सोनं मात्र मिळत नाही. वीस डॉलरच्या नाण्यात साधारण 30 ग्रॅम शुद्ध सोनं असे, आजच्या सराफी हिशेबानं तीन तोळे. तो हिशेब करून नोट विकत घेणारा फसतो. आज बँक तिचे वीसच डॉलर देईल. त्यापुढची किंमत संग्राहक ठरवतात, आणि ते बघतात कागदाकडे.

[दृश्य : तिरप्या उजेडात नोट.]

1928 ची दहा डॉलरची नोट तेरा कोटींहून जास्त छापली गेली, पाचशेची फक्त चार लाख वीस हजार. त्यामुळे दहाची मळकी नोट सहज मिळते. तीच कोरी, चारही समास सारखे असलेली नोट मात्र कित्येक पट भाव खाते. क्रमांकाआधी तारा दिसला तर ती छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी घातलेली. तिला जास्त मागणी.

तपासताना नोट सपाट धरून बाजूनं उजेड टाका. वरून न दिसणारी घडी सावलीत उठून दिसते. मग पाठीमागून उजेड घ्या : टाचणीची भोकं आणि चिकटवलेल्या फाटी तिथे सापडतात. कागद फार पांढरा, गुळगुळीत आणि मऊ लागला, छपाईचा उठाव बोटाला जाणवला नाही, तर नोट धुऊन इस्त्री केलेली समजा. विकणारा ‘एकदम स्वच्छ’ म्हणतो, पण जाणकार याच कारणानं भाव पाडतो. मळ आहे तसाच राहू द्या.

हिरवा शिक्का रसायनानं पिवळा करून फेडरल रिझर्व्हची, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेची, नोट सोन्याची पावती म्हणून खपवण्याचाही उद्योग चालतो. रंग विसरा, मजकूर वाचा. ‘इन गोल्ड कॉइन’ हे शब्द आणि वरचं ‘गोल्ड सर्टिफिकेट’ हे शीर्षक नसेल, तर ती पावतीच नाही. सोनेरी वर्खाच्या लाख डॉलरच्या नोटा निव्वळ खेळणी आहेत. खरी लाखाची पावती, 1934 च्या मालिकेतली, फक्त फेडरल रिझर्व्ह बँकांच्या आपसातल्या व्यवहारांसाठी होती. ती खासगीत ठेवता येत नाही.

साठवणीसाठी पॉलिएस्टरचं पाकीट वापरा. पीव्हीसीच्या पाकिटातलं मऊपणाचं रसायन कालांतरानं पाझरतं आणि कागद चिकट होतो. मुंबई-कोकणात पावसाळ्यात कपाटात सिलिका जेल हवंच, नाहीतर बुरशी आणि कसर दोन्ही लागतात.

[दृश्य : 1900 च्या मालिकेतली एका बाजूनं छापलेली नोट.]

आणि ही दहा हजारांची. 13 डिसेंबर 1935 रोजी वॉशिंग्टनच्या टपाल कचेरीच्या इमारतीला आग लागली. विझवताना पेटते खोके खिडकीतून रस्त्यावर फेकले गेले. आत रद्द केलेल्या पावत्या होत्या. लोकांनी त्या उचलून घरी नेल्या. बँकेत यांचा एक सेंटही मिळत नाही आणि सरकारी लेखी हा चोरीचा माल आहे. तरी बाजारात त्या विकल्या जातात. घ्यायचीच असेल, तर रद्द केल्याच्या खुणा आधी शोधा.