लिहायचं सतरा अक्षरांत, म्हणायचं फॅन्शॉ

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका दुर्मीळ इंग्रजी आडनावाची गोष्ट. फॅन्शॉ. कानाला काही खटकलं? नाही ना? आता जवळ कागद-पेन्सिल असेल तर लिहून घ्या. एफ, ई, ए, टी, एच, ई, आर, म्हणजे 'फेदर'. पुढे एस, टी, ओ, एन, ई, म्हणजे 'स्टोन'. आणि शेपटीला एच, ए, यू, जी, एच. मोजा, 17 अक्षरं भरतील. एवढं सगळं लिहायचं आणि म्हणायचं फॅन्शॉ! लिहिलंय तेच वाचायची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना हा निव्वळ अन्याय वाटतो. बरं झालं, रेडिओवर स्पेलिंग दिसत नाही.

फेदर म्हणजे पीस, स्टोन म्हणजे दगड. मग पिसाचा दगड? शाळेतल्या इंग्रजीवर विसंबलं की असं फसायला होतं. जुन्या इंग्रजीत जोडशब्दातल्या या 'फेदर'चा अर्थ होता 'चार'. चार दगड. तीन उभे आणि त्यांच्यावर आडवा एक, अशी एखादी प्राचीन रचना तिथे असावी, असं स्थलनामांचे अभ्यासक मानतात. आणि शेवटचं 'हॉ' म्हणजे नदीच्या वळणात सापडलेली सखल जमीन. इंग्लंडच्या उत्तर टोकाला, नॉर्थम्बरलंड परगण्यात, हॉल्टव्हिसल गावाजवळ, साउथ टाइन नदीच्या काठी फेदरस्टोनचा किल्ला आजही उभा आहे. तिथल्या जमीनदार घराण्याने जागेचंच नाव लावलं. आपण गावाच्या नावाला 'कर' तरी जोडतो. यांनी काही जोडलं नाहीच, उलट पिढ्यान्‌पिढ्या बोलताना अर्धंअधिक खाऊन टाकलं.

या आडनावाचे, पण मधला एक 'ई' गाळणारे जॉर्ज विल्यम हे भूगर्भशास्त्रज्ञ 1848 साली फ्रान्सच्या ल हाव्र बंदरात ब्रिटनचे वकील होते, कोर्टातले नव्हे, तर सरकारचे प्रतिनिधी, म्हणजे कॉन्सल. त्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये क्रांती झाली आणि राजा लुई फिलिप गादी सोडून पळाला. त्याला इंग्लंडला पोहोचवायचं काम यांच्याकडे आलं. राजाने गालावरचे कल्ले उतरवले, डोळ्यांवर चष्मा चढवला. वकीलसाहेबांनी धक्क्यावर त्याला चारचौघांत 'काका' म्हणून हाक मारली. पासपोर्टावर मात्र आपलं आडनाव त्यांनी काकांना दिलं नाही. इंग्लंडात शोधायला गेलं तर गल्लोगल्ली सापडेल, असं एक आडनाव निवडलं. मार्चच्या सुरुवातीला न्यूहेवन बंदरात फ्रान्सचा माजी राजा उतरला, तो मिस्टर स्मिथ म्हणून.