कडी फिरवली तरी हात तोच
(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, फाउंटनपेन कोण कोण वापरतं, असं विचारून मी हात वर करायला लावणार नाही. ज्यांचे हात वर येतील त्यांच्या बोटांवर शाई असतेच, वेगळी खूण कशाला? इथे बसलेल्या प्रत्येकाकडे एक तरी असं पेन आहे, ज्याला घरातल्या इतरांनी हात लावलेला चालत नाही, एवढं गृहीत धरतो आणि पुढे जातो.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘निबेचा मऊपणा कमीजास्त करता येणारी पेनं : रचना आणि लेखनानुभव’. मी आयोजकांना फक्त ‘मऊ निबा’ एवढंच कळवलं होतं. बाकीचं त्यांच्या पदरचं आहे. पण छापलंय म्हणजे रचनेबद्दल बोलणं आलं. ते शेवटी बोलू, आधी माझी तक्रार ऐकून घ्या.

तक्रार ‘मऊ’ या शब्दाबद्दल आहे. ‘काय मऊ चालतं हो पेन!’ असं आपण म्हणतो, तेव्हा बोलत असतो टोकाबद्दल. निबेच्या टोकाशी एका कठीण मिश्रधातूचा बारीक मणी जोडलेला असतो. त्याला इरिडियम म्हणायची पद्धत पडली आहे, आत इरिडियम असो वा नसो. तो मणी चांगला घासलेला असला की पेन गुळगुळीत चालतं. मऊपणाचा त्याच्याशी काही संबंध नाही. निब लोखंडी पट्टीसारखी ताठ असूनही टोक लोण्यासारखं चालू शकतं. दुसरी गोष्ट, निबेचा खरा मऊपणा. दाबलं की ती वाकते, सोडलं की परत येते, आणि हाताला एक उसळी जाणवते. तिसरी गोष्ट म्हणजे फाकणं. मधल्या चिरेने निबेची दोन पाती झालेली असतात, ती दाबाने एकमेकांपासून दूर जातात आणि रेघ जाड होते. गुळगुळीत, मऊ आणि फाकणारी, या तीन वेगळ्या निबा आहेत. दुकानात मात्र तिघींना एकच नाव, आणि मग ‘मऊ म्हणून घेतलं, पण जाड-बारीक काही येत नाही’ म्हणून लोक पेन परत करायला निघतात.

याच गोंधळात माझं एक पेन गेलं. गोष्ट जरा लांब आहे. अध्यक्ष महाराज, तुमची परवानगी गृहीत धरतो.

माझ्याकडे पायलट कंपनीचं जस्टस ९५ आहे. कंपनी स्थापन झाली १९१८ साली, हे पेन आलं २०१३ साली, म्हणून नावात ९५. आपल्याच एका जुन्या मॉडेलचं त्यांनी केलेलं हे पुनरुज्जीवन. निब १४ कॅरटची, आणि पकडीपाशी एक कडी. कडीच्या एका टोकाला एच, म्हणजे कडक, दुसऱ्या टोकाला एस, म्हणजे मऊ. एवढं ध्यानात ठेवा.

मी एका कार्यालयात गेलो होतो. कुठल्या, ते सोडून द्या. तीन प्रतींचा अर्ज, मध्ये कार्बन. टेबलापलीकडच्या गृहस्थांचं बॉलपेन ऐन सहीच्या वेळी रुसलं. त्यांनी ते तीनदा झटकलं, दोनदा त्यावर फुंकर घातली आणि मग माझ्या खिशाकडे पाहिलं. इथे ‘नाही’ म्हणता येतं असं ज्यांना वाटतं, त्यांचं काम कधी त्या टेबलावर अडलेलं नाही. मी पेन दिलं. टोपण काढल्यावर त्यांना कडी दिसली. आता कडी दिसली की माणूस ती फिरवतो. त्यांना वाटलं, टोक आत आहे, फिरवलं की बाहेर येईल. टोक तर केव्हाचं बाहेरच होतं! त्यांनी कडी फिरवली, ती एसवर जाऊन थांबली. मी म्हटलं, ‘साहेब, जरा हलक्या हाताने.’ ते म्हणाले, ‘हलक्या हाताने कसं? तिन्ही कागदांवर उमटायला हवी.’

आणि त्यांनी सही केली. मी ती निब पाहत होतो. पहिल्या अक्षराला पाती उघडली, दुसऱ्याला जरा जास्त उघडली, आणि सहीखालची रेघ त्यांनी अशी ओढली की मधून शाई गायब! काठावर दोन बारीक समांतर रेघा, मधे कोरा कागद, थेट आगगाडीचे रूळ. सही झाल्यावर त्यांनी पेन परत दिलं आणि म्हणाले, ‘चांगलं नाही वाटतं हो पेन, दोन रेघा येतात.’ तिसऱ्या प्रतीवर सही मात्र सुरेख उमटली होती.

घरी येऊन भिंगातून पाहिलं. चीर टोकाशी मिटायलाच तयार नव्हती. इथे खरा अपराध माझा. जाणत्याकडे द्यायचं सोडून मी ती पाती नखाने दाबत बसलो. एक पातं वर, एक खाली. आता ते पेन कागदावर ओढलं की खरवडल्याचा आवाज येतो. त्या गृहस्थांनी बिघडवलं आठ आणे, उरलेले आठ आणे मी. (हशा) हसताय, पण तुमच्यातल्या निम्म्यांनी हेच केलंय.

एक मात्र सांगतो, ते गृहस्थ अगदीच चुकले नव्हते. कार्बनसाठी दाबून लिहावं लागतं, हा जुना प्रश्न आहे. त्यासाठी पूर्वी मुद्दाम ताठ निबा बनवत, खिळ्यासारख्या. म्हणजे एका हाताला ताठ निब, दुसऱ्याला लवचीक. वॉटरमन कंपनीने १९२७ साली सात नंबरचं पेन काढलं, त्यात निबेची जात रंगावरून ओळखायची सोय होती. लाल म्हणजे सर्वसाधारण, हिरवी ताठ, गुलाबी लवचीक. गिऱ्हाइकाने आपला रंग निवडायचा. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की इतक्या निबा ठेवण्यापेक्षा एकाच निबेत सगळ्या बसवल्या तर? १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत वॉल-एव्हरशार्पच्या डोरिक पेनांवर अशी निब आली. निबेच्या पाठीवर एक छोटी सरकपट्टी, नखाने पुढेमागे करायची. त्यावर नऊ पायऱ्या होत्या. नऊ वेगवेगळे मऊपणे ओळखणारा अंगठा कुणाचा असेल, त्याला माझा नमस्कार.

चिठ्ठी आली आहे. ‘दहा मिनिटे.’ अहो, रचना अजून सुरूही झालेली नाही! बरं.

ही पट्टी घ्या, शाळेतली, ३० सेंटिमीटरची. टेबलाच्या कडेबाहेर २० सेंटिमीटर काढली आणि टोक दाबलं की सहज वाकते. आता आत सरकवतो, १० च बाहेर. दाबा. आवाज बदलला, आणि हाताला विरोध किती वाढला पाहा. दुप्पट नाही, आठपट. एका टोकाला पकडलेल्या पट्टीचा ताठपणा मोकळ्या लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. लांबी नुसती एक पंचमांशाने कमी केली, तरी ताठपणा जवळजवळ दुप्पट. निब निमुळती आणि गोलसर वाकवलेली असते, त्यामुळे तिथे हिशेब इतका सरळ बसत नाही, पण दिशा हीच. जस्टसची कडी हेच करते. निबेवर एक पातळ पट्टी असते, ती पुढे आली की निबेची मोकळी लांबी घटते, मागे गेली की वाढते. धातू तोच राहतो. कडी फक्त टेबलाची कड पुढेमागे करते.

म्हणून ‘सोनं मऊ, म्हणून सोन्याची निब मऊ’ हे अर्धंच खरं. सोनं पोलादापेक्षा सहज वाकतं, हे कबूल. पण जाडीचाही घन होतो. जाडी निम्मी केली तर ताठपणा एक अष्टमांश. त्यामुळे जाड सोन्याची खिळ्यासारखी निब असते आणि पातळ पोलादाची झुलणारी टाकाची निबही असते. सोनं मुळात आलं ते जुन्या आम्ल शाईने पोलाद खाऊ नये म्हणून.

आता लेखनानुभव, पाच मिनिटांत. एचवर लिहा आणि एसवर लिहा. हात हलका असेल तर फरक कळणारच नाही, कारण वाकवणारा दाबच नाही. मध्यम हाताला एसवर उसळी लागते, वळणं जरा गोल येतात, खाली येणारी रेघ किंचित भरते. किंचित! कॉपरप्लेटची, म्हणजे दाबाने जाड-बारीक करायच्या त्या इंग्रजी सुलेखनाची, केसाएवढी-बोटाएवढी रेघ यातून मागू नका. पाती फाकली की मधली फट रुंदावते, केशाकर्षण ढिलं पडतं, आणि जीभ, म्हणजे निबेखालची शाई आणणारी पट्टी, तितक्या वेगाने शाई पुरवू शकली नाही तर त्या साहेबांचे रूळ उमटतात. सावकाश लिहिलं तर कमी उमटतात.

आणखी एक, आपल्या अक्षराबद्दल. देवनागरीची जाड-बारीक रेघ बोरूच्या तिरक्या छाटीतून आली, दाबातून नाही. कोन बदलला की रेघ बदलते. त्यामुळे मऊ निबेने देवनागरी लिहिताना दाब द्यायचाच असेल तर तो काना खाली ओढताना द्या. शिरोरेखेवर दाबलंत तर पाती आडवी पिळवटतात आणि एकच पातं सगळा भार उचलतं. मी शिरोरेखा कडी एचवर असल्यासारखी लिहितो, कडी कुठेही असो.

दुसरी चिठ्ठी आली. उघडत नाही, मजकूर ठाऊक आहे. माझं दुसरं जस्टस, जे अजून धड आहे, त्या कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवलंय, शेजारी कोरे कागद आहेत. कडी एचवर आहे. एसवर फिरवून बघा, चार ओळी लिहा, परत एचवर आणा. फक्त सही कुणी करायची नाही.