माळावरचे एल्फ आणि खानदानी सोयरीक

एल्फ, म्हणजे परीकथांतले टोकदार कानांचे लोक, म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं, घनदाट जंगल, चमकणारे केस, झाडावरची घरं. मला आज बोलायचंय ते उघड्या माळावर जनावरं राखणाऱ्या एल्फांबद्दल, आणि त्यासाठी मी २००२ सालचा मोरोविंड हा व्हिडिओ गेम घेतोय, कारण भटक्या एल्फांचं इतकं शहाणं चित्रण मी तरी दुसरीकडे फारसं बघितलेलं नाही.

जागा म्हणजे व्हार्डेनफेल नावाचं बेट, मधोमध ज्वालामुखी, भोवती राखेचं रान. इथले एल्फ म्हणजे डनमर, राखाडी कातडीचे, लाल डोळ्यांचे. बरेचसे गावाशहरात स्थिरावलेत, पण ॲशलँडरांच्या, म्हणजे राखेच्या रानातल्या भटक्या डनमरांच्या, चार टोळ्या अजून तंबूत राहतात. पूर्वेकडे ग्रेझलँड्सचं गवत, आणि तिथली झैनाब टोळी त्यातल्या त्यात पैसेवाली. पाळतात काय तर ग्वार, दोन पायांवर चालणारा सरड्यासारखा दांडगा प्राणी. घोडा नाहीच, त्यामुळे घोडा, धनुष्य, वारा हा नेहमीचा मसाला आपोआप कटाप!

यांच्या रीतीभाती बघा. बोलावल्याशिवाय कुणाच्या तंबूत शिरायचं नाही. परक्याकडे जाताना विचार करून काहीतरी भेट न्यायची, कारण त्यातून तुम्ही जपून आणि मान राखून आलायत हे कळतं, पण मित्राला दिलेली भेट ही दोघांमधली खासगी गोष्ट. वस्तू तीच असली तरी कुणाला देताय त्यावर अर्थ फिरतो, आणि हे लिहिणाऱ्याला माणसं कळतात हे तिथेच समजतं.

आता खरी गंमत. झैनाबांचा म्होरक्या, म्हणजे ॲशखान, कौशाद. हा गेमच्या नायकाला, म्हणजे खेळणाऱ्याला, पाठिंबा द्यायला अट घालतो की मला तेलवान्नी घराण्यातली बायको आणून दे. तेलवान्नी म्हणजे शेजारचे जादूगार सरदार, प्रचंड मशरूमच्या मनोऱ्यांत राहणारे, ते कशाला तंबूत पोरगी देतील? मग टोळीतलीच जाणती बाई हळूच सुचवते की गुलामांच्या बाजारातून एक देखणी डनमर मुलगी आण, उंची कपडे घाल, तेलवान्नी लोक लावतात ते अत्तर लाव, आणि दे पाठवून. कौशाद खूश! टोळीचा मान राहावा म्हणून टोळीच आपल्या म्होरक्याला चक्क फसवते, आणि त्या मुलीला कुणी फारसं विचारतही नाही, हे मात्र खटकतंच.

माळावरचा माणूस गाववाल्याला नावं ठेवतो आणि सोयरीक मात्र त्याच्याशीच हवी असते. आपल्याकडे धनगराच्या मेंढ्या लेंडीखतासाठी रानात बसवतात, धान्य देतात, आणि तरी वाडा गावाबाहेरच, तसलंच हे नातं. या नायकाच्या येण्याबद्दलच्या भविष्यवाण्यांचंही तेच, टोळ्यांतल्या जाणत्या बायांनी त्या तोंडी जपल्या, पण त्यातल्या काही हरवल्या, आणि सापडल्या कुठे, तर डनमरांच्या ज्या देवळाने, म्हणजे धर्मसत्तेने, यांना पाखंडी ठरवलं त्याच्याच बंडखोर पुजाऱ्यांकडे.

एक तक्रार आहेच. यांचं बिऱ्हाड विंचवासारखं पाठीवर, असं आपण ऐकतो, पण अख्ख्या गेममध्ये तळ एकदाही हलत नाही, ग्वार तिथेच, तंबू तिथेच. तांत्रिक अडचण असणार, कबूल, पण निदान म्हाताऱ्यांच्या गप्पांत तरी यायला हवं होतं ना की पुढचं चराईचं रान कुठलं आणि तिथे पोचायला वाटेत कुणाला काय द्यावं लागतं.