आम्ही कुठे गेलोच नाही

(ऑगस्ट २०२५ मधल्या श्रावण मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'श्रावणातल्या आठवणी' असं छापलंय. मंगळागौर, जिवतीचा कागद, पुरणाचे दिवे, सगळं लिहून आणलं होतं आणि तो कागद आत्ताही पर्समध्ये आहे. पण मंगळवारी रात्री आमच्या घरात जो वाद झाला, त्यानंतर मला दुसरं काही सुचत नाहीये. तेव्हा आज तेच बोलते.

आमचं घर तुम्हाला ठाऊक आहे. थोरला युजीनला, ओरेगन विद्यापीठात शिकला, म्हणजे त्याचा संघ डक्स. धाकटी कॉर्व्हॅलिसला, ओरेगन स्टेटमध्ये तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे तिचा बीव्हर्स. ऑगस्ट लागला की आमच्याकडे जेवताना कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉलशिवाय दुसरा विषय नसतो. मंगळवारी थोरला जेवायला आला होता आणि कोलंबसचा भाचा नेहमीसारखा फोनच्या स्पीकरवर होता. आदल्याच दिवशी मोसमाआधीची क्रमवारी लागली होती. टेक्सस पहिलं, पेन स्टेट दुसरं, ओहायो स्टेट तिसरं, आपलं ओरेगन सातवं, आणि पंचवीसांत एसईसी या कॉन्फरन्सचे, म्हणजे आपापसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या एका गटाचे, दहा संघ. भाचा तापलाच. त्याचं ओहायो स्टेट बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समधलं. म्हणाला, "मामी, गेली दोन्ही विजेतेपदं बिग टेनची. आधी मिशिगन, मग आम्ही. तरी कौतुक एसईसीचंच? ते आपापसात आठ सामने खेळतात, आम्ही नऊ खेळतो." नवऱ्याचं म्हणणं, ३० ऑगस्टला टेक्सस कोलंबसला येतंय, तिथेच काय ते कळेल. थोरल्याने लगेच गेल्या ऑक्टोबरचा डक्सचा ३२-३१ विजय काढला, तर भाच्याने रोझ बोलमधला ओहायो स्टेटचा ४१-२१. बिग टेनमधून विजेतेपदासाठीच्या प्लेऑफच्या बारा संघांत तीन जातील की चार, यावर आमटी गार झाली.

मी लेकीला म्हटलं, "३० तारखेला लेझीम आहे, लक्षात आहे ना? शुक्रवारीच ये." ती म्हणाली, "आई, त्या दिवशी आमची कॅलबरोबर पहिली मॅच आहे, घरच्या मैदानावर. मी नाही येणार." माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, तुमचं यंदा काय खरं आहे? एक मॅच नाही पाहिली म्हणून काय बिघडणार आहे?"

ताटात बोट फिरवत ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आई, आम्ही कुठे गेलोच नाही. जिथे होतो तिथेच आहोत. बाकीचे सगळे गेले, आणि बाहेरचे ठरलो ते आम्ही."

आणि ताट उचलून ती आत गेली.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना तो शुक्रवार आठवत असेल, ४ ऑगस्ट २०२३. सकाळी पॅक-१२ नावाचं एक घर होतं, पश्चिमेकडच्या कॉलेजांची कॉन्फरन्स. लॉस एंजेलिसच्या दोन कॉलेजांनी आदल्याच वर्षी जायचं ठरवलं होतं, कोलोरॅडोही आठवड्यापूर्वी निघालं होतं, तरी घर उभं होतं. त्या एका दिवसात ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनकडे गेले, ॲरिझोनाचे दोघे आणि युटा बिग १२ कडे गेले. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला स्टॅनफर्ड आणि कॅल अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये गेले. पॅसिफिकच्या पाण्यावर राहणारी माणसं ती! मागे उरले दोघे, कॉर्व्हॅलिसचं ओरेगन स्टेट आणि पुलमनचं वॉशिंग्टन स्टेट. गेलं वर्ष या दोघांनी दोघांचीच कॉन्फरन्स म्हणून काढलं आणि हेही वर्ष तसंच काढणार आहेत.

आणि हे घर बांधलं कुठे गेलं होतं? आपल्याच पोर्टलंडमध्ये, डिसेंबर १९१५ मध्ये, एका हॉटेलात चार कॉलेजं एकत्र बसली. वॉशिंग्टन, कॅलिफोर्निया म्हणजेच कॅल, ओरेगन आणि तेव्हाचं ओरेगन ॲग्रिकल्चरल कॉलेज, म्हणजे आजचं ओरेगन स्टेट. लेक ज्या मॅचसाठी लेझीम सोडतेय, ती त्या चारांतल्या दोघांची मॅच आहे. हे मला बुधवारी कळलं. मंगळवारी माहीत असतं तर कदाचित तोंड आवरलं असतं.

जाणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. टीव्हीच्या पैशाचा हिशेब सगळ्यांना कळतो. बिग टेनचा करार सात वर्षांचा आणि सात अब्ज डॉलरांच्या वरचा आहे. इकडे पॅक-१२ ला धड करार मिळेना. ओरेगनने तर इतरांपेक्षा कमी वाटा घेऊन जायचं कबूल केलं. मागे राहणं त्यांना त्याहून महाग पडलं असतं. आणि गेले ते चमकलेही. पहिल्याच वर्षी बिग टेन जिंकलं, प्लेऑफआधीच्या तेरा सामन्यांत एकही हार नाही. थोरल्याचा आनंद खरा आहे आणि मलाही तो झाला. ऑक्टोबरात डक्स रटगर्सला खेळायला जातील, तेव्हा एडिसनच्या नणंदेकडे उतरायचा बेतही आम्ही केलाय. पण रटगर्सला जायला खंड ओलांडायचा आणि शेजारचं कॉर्व्हॅलिस वेळापत्रकातून गळायचं, हे मला काही केल्या पटत नाही. हे दोघे १८९४ पासून खेळताहेत, सव्वाशेच्या वर सामने झालेत. २० सप्टेंबरला युजीनला एक होईल. पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात तो नाही.

गेल्या वर्षी लेकीने मला एकदा बीव्हर्सच्या रेझर स्टेडियमवर नेलं. पावसाची बुरबुर चालली होती. शेजारच्या खुर्चीवर ऐंशीच्या आसपासचे एक आजोबा होते. नारिंगी टोपी, तिची कड विरलेली आणि आतून पुन्हा दोऱ्याने शिवलेली. मांडीवर थर्मास, त्यावर छोटी वही, आणि दर वेळी गुण झाले की पेन्सिलीने एक ओळ. मी उगाच बोलायला म्हणून विचारलं, किती वर्षं येताय? म्हणाले, "१९७१ पासून सलग अठ्ठावीस वर्षं आमचा संघ एकदाही हारीपेक्षा जास्त सामने जिंकला नाही. त्यातली बहुतेक वर्षं मी इथेच बसलो होतो." मग त्यांनी १९८३ सांगितलं. युजीनला, अशाच पावसात, डक्स आणि बीव्हर्स शून्य-शून्य. चेंडू हातात राहीना, कुणालाच गुण नाही. ते सांगताना त्यांचा चेहरा असा खुलला होता, की मला आमच्या गावच्या जत्रेतल्या बरोबरीत सुटलेल्या कुस्त्यांची आठवण झाली. मग २००० चा मोसम, नोत्र देमला ४१-९ हरवलेलं. मग २०२२, डक्सच्या ३४-१७ वरून ३८-३४. वही मिटून त्यांनी कोटाच्या आत ठेवली, आणि पाऊस वाढला तेव्हा स्वतःजवळचा जादा प्लास्टिकचा रेनकोट माझ्या हातात दिला.

लेक त्यांना आजोबा म्हणते. ३० तारखेला ती खुर्ची एकटी दिसू नये, हेही तिच्या मनात होतं, हे मला नंतर कळलं.

आता थोडं आपल्याबद्दल. रागावू नका, आणि रागावलात तरी ऐका. कुणाचं मूल कॉलेजला लागलं की आपण पहिलं काय विचारतो? रँक काय. कॉर्व्हॅलिस म्हटल्यावर 'अच्छा, तिथे का?' हे मी या हॉलमध्ये अनेकदा ऐकलंय. जिंकणाऱ्याचा टी-शर्ट आपण दुसऱ्या दिवशी विकत घेतो. आणि मंडळाचं काय झालं बघा. पूर्वी सेलम, कॉर्व्हॅलिस, युजीनची कुटुंबं पहिल्या रांगेत असायची. मग आपल्याला मोठा हॉल हवा झाला, मुंबईचे कलाकार हवे झाले, तिकीट वाढलं, सगळे कार्यक्रम इकडे पोर्टलंडजवळ, बीव्हरटन-हिल्सबरोला आले. नाट्यवाचन बंद झालं, कारण त्याला साठच माणसं यायची. त्या बैठकीत मीही होते आणि माझाही हात वर होता. कॉर्व्हॅलिसच्या मुलांना गणपतीला यायचं असतं, पण गाडी नसते. दीड तासाचा रस्ता. त्यांना कोण आणणार, हा विषय तीन वर्षं 'इतर' या सदरात चर्चेला येतो आणि वेळेअभावी राहून जातो.

लेकीचं ते वाक्य डोक्यातून जाईना, तेव्हा बुधवारी रात्री मी दादाला फोन केला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, कऱ्हाडजवळ गावी असतो. दोन वर्षांपूर्वी गणपतीला आम्ही सगळी भावंडं गावी जमलो होतो. पुण्याची बहीण, दुबईचा भाऊ, मी. सोप्यात बसून आम्ही वाड्याचं काय करायचं ते बोलत होतो. विकावा, की दुरुस्त करावा, की होमस्टे करावा. आकडे निघाले, माझ्या फोनवर तक्ता तयार झाला. दादा आतबाहेर करत होता, चहा आणत होता, कपबशा नेत होता. आई-बाबांची आजारपणं त्याने काढली, त्या वाड्याची कौलं दर वैशाखात तो चाळतो. त्याला कुणी विचारलं नाही. बाहेर पडलो होतो आम्ही, आणि त्या गप्पांत बाहेरचा होता तो.

फोनवर मी हे सगळं बोलणार होते. त्याने उचलला आणि म्हणाला, "काय गं, एवढ्या सकाळी? सगळं बरंय ना?" मग मी ऊस कसा आहे ते विचारलं. तो बराच वेळ उसाबद्दल बोलला. शेवटी म्हणाला, पोराला पुण्यात नोकरी लागलीये, दसऱ्यानंतर जाईल. "चांगलंच झालं की," मी म्हटलं. तो "हो, चांगलंच झालं," म्हणाला, आणि मग आम्ही दोघंही गप्प राहिलो.

लेकीशी पुन्हा बोलणं झालं ते गुरुवारी, भाकऱ्या करताना. तिच्याकडे आशा आहे, आणि ती भाबडी नाही. पुढच्या जुलैपासून पॅक-१२ पुन्हा भरणार आहे. बॉईसी स्टेट, फ्रेस्नो, सॅन डिएगो, कोलोरॅडो स्टेट, युटा स्टेट, टेक्सस स्टेट येताहेत. गोन्झागाही येतंय, त्यांचा फुटबॉल नाही पण बास्केटबॉल केवढा मोठा! तिचा हिशेब असा: प्लेऑफच्या बारांत पाच जागा सर्वांत वरच्या क्रमांकाच्या पाच कॉन्फरन्स-विजेत्यांच्या. गेल्या वर्षी बॉईसी छोट्या कॉन्फरन्समधून आलं, तरी तिसरं मानांकन घेऊन प्लेऑफला गेलं. मग नव्या पॅक-१२ चा विजेता का नाही जाणार? मी विचारलं, आणि चांगले खेळाडू टिकतील? त्यावर तिने भाकरी उलटली आणि काही बोलली नाही. त्यांचे प्रशिक्षक २०२३ मध्ये मिशिगन स्टेटला गेले, होतकरू क्वार्टरबॅक, म्हणजे चाली खेळवणारा मुख्य खेळाडू, त्यांच्या मागोमाग गेला. आता तर कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. कुणाकडे किती पैसे असतील ते उघड आहे.

थोरला मध्येच येऊन म्हणाला, "मी येतो ३० तारखेला तुझ्याबरोबर. आमची मॅच दुपारीच संपते." तिने विचारलं, "डक्सचा हिरवा घालून?" तो म्हणाला, "बघू."

लेझीमच्या रांगेत यंदा एक जागा रिकामी असेल, तिथे कुणी उभं राहत असेल तर सरावाला रविवारी यावं. आणि कॉर्व्हॅलिसच्या तीन मुली आहेत, त्यांना गणपतीला यायचंय. शनिवारी नाही, रविवारी, विसर्जनाला. मी एक गाडी घेऊन जातेय. माझ्या गाडीत दोघीच बसतील, कारण पुढच्या सीटवर आजोबा असतील. त्यांना मिरवणूक बघायचीये, असं लेक म्हणते. तिसरीला कोण आणेल?