एपी हिस्टरी शिकवताना: आधी तारीख बघा

मंडळी, तुमच्यातले बरेच जण एपी हिस्टरी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे अमेरिकेतल्या हायस्कूलमधला कॉलेजच्या पातळीचा इतिहासाचा कोर्स) शिकवताय, काही जण पुढच्या वर्षी पहिल्यांदाच वर्ग घेणार आहेत, म्हणून थेट मुद्द्यावर येते. मला एवढंच सांगायचंय की या वर्गात पोर्शन संपवायच्या मागे ऊर फुटेस्तोवर धावू नका, मुलांना एकेक डॉक्युमेंट नीट वाचायला शिकवा. आता तुम्ही म्हणाल बोलायला काय जातंय. यूएस हिस्टरीचा सिलॅबस १४९१ पासून सुरू होतो आणि पार आजपर्यंत येतो, त्याचे नऊ कालखंड, आणि परीक्षा मे महिन्यात, त्यामुळे जानेवारी उजाडला की पोटात गोळा येतो आणि आपण स्लाइडवर स्लाइड दाखवत सुटतो. मुलंही उतरवून घेत राहतात आणि सगळ्यांना वाटतं काम चाललंय.

पण परीक्षा बघा ना काय विचारते. ५५ मिनिटांत ५५ एमसीक्यू, तेही सुटे प्रश्न नाहीत, आधी एखादा उतारा, चित्र, नकाशा देतात आणि त्यावर तीन-चार प्रश्न. मग शॉर्ट आन्सर, मग डीबीक्यू, म्हणजे सात डॉक्युमेंट्स समोर ठेवतात आणि तासाभरात त्यांच्या आधाराने स्वतःचा मुद्दा मांडायचा. या एका उत्तराला २५ टक्के वजन आहे. शेवटचा लाँग एसे त्याच पठडीतला, फक्त डॉक्युमेंट्स नसतात, त्यावर आज वेळ घालवत नाही. नुसत्या तारखा पाठ करणारा मुलगा इथे अडकतो, आणि तो हुशार असतो हो, त्याला कोणी वाचायला शिकवलेलं नसतं.

मी वर्गात काय करते ते सांगते. अमेरिकेच्या गृहयुद्धात राष्ट्राध्यक्ष लिंकनने न्यूयॉर्क ट्रिब्यून या वर्तमानपत्राचा संपादक होरेस ग्रीली याला लिहिलेलं पत्र मी मुलांच्या हातात देते, वरची तारीख झाकून. त्यात लिंकन म्हणतो की एकाही गुलामाला मुक्त न करता युनियन (म्हणजे एकसंध अमेरिका, जिच्यातून दक्षिणेतली राज्यं फुटून निघाली होती) वाचवता येत असेल तर मी तसं करीन, सगळ्यांना मुक्त करून वाचत असेल तर तसं करीन, आणि काहींना मुक्त करून बाकीच्यांना तसंच ठेवून वाचत असेल तर तेही करीन. वर्ग एकदम पेटतो. मुलांना धक्का बसलेला असतो, याला गुलामगिरीचं काहीच पडलेलं नव्हतं असं बहुतेक जण लिहून मोकळे होतात, आणि मी त्यांना लिहू देते.

मग तारीख उघडते, २२ ऑगस्ट १८६२. आणि शेजारी दुसरी तारीख लिहिते, २२ जुलै १८६२, त्या दिवशी लिंकनने गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा आपल्या कॅबिनेटला वाचून दाखवला होता. म्हणजे पत्र लिहिलं तेव्हा मसुदा तयार होता! परराष्ट्रमंत्री सीवर्डचा सल्ला होता की आत्ताच जाहीर केलं तर हरणाऱ्या सरकारची धडपड वाटेल, आधी रणांगणावर एक विजय मिळू द्या, म्हणून तो थांबला होता. १७ सप्टेंबरला अँटीटमची लढाई झाली, लिंकनला तो विजय म्हणून पुरला आणि पाचच दिवसांनी प्राथमिक जाहीरनामा बाहेर आला. आता मुलांना म्हणायचं, तेच पत्र पुन्हा वाचा. हा माणूस कोणाशी बोलतोय? पत्र एका संपादकाला आहे पण वाचणार सगळा उत्तर भाग, त्यात युनियनसाठी लढायला तयार पण गुलामांसाठी लढायला नाखूष असलेले लोकही आहेत, त्यांना तो पुढच्या पावलासाठी तयार करतोय का? आणि पत्राच्या शेवटी तो आपलं अधिकृत कर्तव्य आणि सगळीकडची सगळी माणसं मुक्त असावीत ही स्वतःची इच्छा, या दोन गोष्टी वेगळ्या काढून सांगतो, ते वाक्य पहिल्या वाचनात किती जणांनी बघितलं होतं?

यातून लिंकन एकदम देवमाणूस ठरतो असंही होऊ द्यायचं नाही हं. लगेच १ जानेवारी १८६३ चा अंतिम जाहीरनामा द्यायचा आणि त्यात कोणाला वगळलंय ते शोधायला लावायचं. केंटकी, मिसुरी, मेरीलँड, डेलावेअर ही युनियनमध्ये राहिलेली गुलामगिरीची राज्यं त्यात नाहीत, टेनेसी नाही, लुइझियाना आणि व्हर्जिनियाचे काही भाग नाहीत. का नाहीत यावर मुलं तावातावाने भांडतात, आणि त्या भांडणातून थिसिस, म्हणजे उत्तराचा मुख्य मुद्दा, निघतो. माझा याला पूर्ण पिरियड जातो, कधी दीड जातो, आणि तो वेळ वाया गेला असं मला कधीच वाटलेलं नाही.

आता लिखाणाचं. डीबीक्यूच्या सात गुणांपैकी एक सोर्सिंगचा, किमान दोन डॉक्युमेंट्ससाठी लेखकाचा हेतू, वाचक, परिस्थिती वगैरे आपल्या मुद्द्याशी जोडून दाखवायची. मुलं काय लिहितात, "लेखकाचा हेतू लोकांना पटवून देणं हा होता." अहो, हे वाक्य जगातल्या कुठल्याही भाषणाला चिकटवता येतं! माझ्या वर्गात नियमच आहे, तुझं वाक्य उचलून दुसऱ्या डॉक्युमेंटखाली ठेवलं आणि तिथेही बसलं, तर ते खोडायचं. मग तोच मुलगा लिहितो, "मसुदा तयार असूनही लिंकन युनियनचीच भाषा बोलतो, कारण गुलामगिरीच्या प्रश्नावर लढायला तयार नसलेले उत्तरेतले लोक त्याला सोबत हवे आहेत." हे दुसरीकडे कुठेही बसणार नाही. मी दर आठवड्याला असा एकच परिच्छेद लिहून घेते, अख्खा निबंध नाही, आणि तपासताना एकाच गोष्टीवर शेरा देते, कारण दहा लाल खुणा केल्या की मूल फक्त मार्क बघतं आणि कागद बॅगेत कोंबतं.

हळू वाचणाऱ्या मुलांबद्दल बोलायलाच हवं, त्यांना "हा वर्ग तुझ्यासाठी नाही" म्हणून परत पाठवू नका प्लीज. एकोणिसाव्या शतकातलं इंग्रजी सगळ्यांनाच जड जातं. उतारा लहान करा, अवघड शब्दांचे अर्थ बाजूला लिहा, एकदा मोठ्याने वाचून दाखवा, पण प्रश्न मात्र सोपा करू नका. वाचायला मदत केली म्हणून विचार पातळ होत नाही, आणि त्या मुलांचे मुद्दे कधीकधी वर्गात सगळ्यात धारदार असतात, हे मी वारंवार बघितलंय.

वेळ कुठून आणायचा? मी लढायांचे तपशील, टॅरिफचे आकडे, राष्ट्राध्यक्षांच्या याद्या घरच्या वाचनावर सोडते, त्यावर छोटी क्विझ घेते आणि पुढे जाते. आणि मे महिन्यात परीक्षा झाल्यावर शाळेचे जे आठवडे उरतात त्यात सिनेमे लावून वेळ काढू नका. लिंकनचे कागद लायब्ररी ऑफ काँग्रेसने ऑनलाइन ठेवलेत, जुलैचा तो मसुदाही त्याच्या हस्ताक्षरात तिथे आहे. मुलांना सांगा, तुमच्या आवडीचं एक डॉक्युमेंट शोधा, त्याची तारीख झाका आणि बाकीच्या वर्गाकडून वाचून घ्या, प्रश्न तुम्ही विचारा.