उसाच्या सरीतला रोकडा पैसा

पंचगंगेच्या काठानं निघालं, की नजर पोचेल तिथवर ऊस. का, तेही समजून घ्यायला हवं. पुराचं पाणी चार दिवस रानात राहिलं तरी ऊस बऱ्याचदा तग धरतो. त्याच पाण्यात टोमॅटो संपतो. 2019 आणि 2021 चे पूर ज्यांनी सोसले, त्यांना हे सांगावं लागत नाही.

पण आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावायचा ऊस लावला, की बिल हातात पडायला दीड वर्ष जातं. ज्याची जमीनच वीस गुंठे, त्यानं तोवर घर चालवायचं कशावर?

ही सरी बघा. पट्टा पद्धतीचा ऊस आहे, म्हणजे उसाच्या जोडओळींमध्ये मोकळा पट्टा सोडलेला. पाला रान झाकेपर्यंत जवळजवळ तीन महिने मधल्या जागेला ऊन मिळतं. तेवढ्यात दीड महिन्यात कोथिंबीर काढून होते, फ्लॉवरचे गड्डेही निघतात. पाणी तेच, भांगलण म्हणजे खुरपणीही तीच. उसाच्या बेण्याचा नि खताचा बराचसा खर्च इथंच सुटतो. एकही सरी न मोडता!

झेंडूला मात्र वेळ साधावी लागते. श्रावणात रोप लावलं, तर तोडा नवरात्र-दसऱ्याला येतो. अंबाबाईच्या कोल्हापुरात तेव्हा दारोदार तोरणं लागतात. तोडा दव सुकल्यावरच करायचा. ओलं फूल पोत्यात भरलं, की आतून तापतं, काळं पडतं आणि दर निम्म्यावर येतो. झेंडूच्या मुळांमुळं जमिनीतल्या सूत्रकृमी, म्हणजे मुळांना लागणाऱ्या धाग्यासारख्या बारीक अळ्याही कमी होतात, म्हणून त्याच रानात पुढं वांगी, टोमॅटो चांगली येतात.

पाणी तुंबणाऱ्या रानात हा खेळ नको. निचऱ्याचं रान हवं. आजरा-चंदगडच्या डोंगरउतारावर तर काजूच खरा आधार आहे.

राहिला बाजार. 2016 पासून भाजीपाला-फळांची अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, असा नियम आहे. पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, हातात आली, की कपात वाचूनच घ्या.

आणि सगळ्यात मोठी अडचण हीच, की उसाला कारखाना आहे, दुधाला गावोगाव डेअरी आहे, पण भाजीवाला शेतकरी एकटा पडतो. दोन कॅरेट वांग्यांसाठी टेम्पो परवडत नाही. गल्लीतल्या आठ-दहा जणांनी तोडा एकाच दिवशी धरला, प्रतवारी सारखी केली आणि एकच टेम्पो भरला, तर भाडं वाटून जातं, आणि मालाचा ढीग बघून व्यापारीही बोली वाढवतो.